मेली म्हणजे काय

३ मार्च

ठकू,

पत्राच्या माथ्यावर काय लिहायचं असतं ते काही केल्या आठवेना. बाप लेकीला लिहितो तेव्हा आधी आशीर्वाद द्यायचा, एवढं आठवलं. पण सध्या तू माझा आशीर्वाद उघडूनही बघणार नाहीस, तेव्हा तो पत्राच्या पोटात कुठेतरी घालून ठेवतो. सापडला तर घे.

तुझी अट कळली. मी इथल्या भाषेत लिहायचं नाही. आपल्या भाषेत लिहायचं, तेही हाताने. तुझ्या घराखालच्या दुकानात कपडे उसवून पुन्हा बेताचे करून देणाऱ्या बाई मराठी बोलणाऱ्या निघाल्या, त्या तुला वाचून अर्थ सांगतील. माझं भाषांतर तुला नको. हे वाचून आधी मला राग आला, मग हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांचे प्रबंध तपासले, आता माझं लिहिलेलं तपासायला शिवणकाम करणाऱ्या बाई. ताई, राग मानू नका. मोठ्याने वाचत असाल तर हे वाक्य तुम्हालाच वाचावं लागलं, त्यात माझी शिक्षा आलीच.

हाताने लिहायला मात्र मला आवडतंय. फोनवर लिहिताना पुढचा शब्द तोच सुचवतो. परवा मी नुसतं 'आई' एवढं लिहिलं तर त्याने लगेच पुढे 'बरी आहे' असं आणून ठेवलं. वर्षभर मी तुला रोज तेच तर कळवत होतो. आई जाऊन चार महिने होत आले, हे त्या फोनला कोणी सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. शेवटच्या संध्याकाळी तू आईचा आवाज फोनमध्ये साठवून घेत होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. तो आवाज तू यंत्राला ऐकवलास आणि यंत्राने तुला इथल्या भाषेत तीन शब्द काढून दिले. मेलेली. दूर. उभी. हे तीन शब्द उराशी घेऊन तू इतके दिवस बसलीस, माझा एक फोन घेतला नाहीस, आणि आता लिहितेस, "आई मला बघून काय म्हणाली ते मला समजलं आहे. तिच्या लेखी मी मेले होते. तिने मला दूर उभं राहायला सांगितलं. आणि तुम्ही नेहमीसारखं त्यावर पांघरूण घातलंत."

ठकू, मी तिथेच, उशाशी होतो. तू पलंगाच्या पायथ्याशी उभी होतीस. आई काहीतरी बोलली, तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी तुला सांगितलं, "आई म्हणते, उभी कशाला राहतेस, प्रवासाने दमली असशील, घरी जाऊन झोप." तू गेलीस. पहाटे आई गेली. मी जे ऐकलं तेच सांगितलं, त्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही.

त्या तीन शब्दांतला पहिला शब्द कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. पण अंदाजावर लिहायची मला सवय नाही. मला तो आवाज पाठव. मूळचा, यंत्राने चावलेला नको.

बाबा


२२ मार्च

ठकू,

आवाज मिळाला. ताई, तुमची चिठ्ठीही मिळाली. माझं अक्षर लागत नाही हे मान्य, विद्यार्थीही तेच म्हणतात. माझं मराठी जुनं झालंय म्हणता, तेही खरं असेल. मी देश सोडला त्या दिवशी जेवढं बरोबर होतं तेवढंच आहे, त्यात नवी भर पडली नाही. तुम्हाला दोन मुलगे आहेत हे वाचून बरं वाटलं. का ते पुढे कळेल.

आठवडाभर तो आवाज उघडायचा मला धीर झाला नाही. रोज डबा, छत्री, चष्मा घेऊन प्रयोगशाळेत जात होतो आणि तसाच परत येत होतो. माझी संशोधक विद्यार्थिनी, तीच जिला तू एकदा माझ्या खोलीत भेटली होतीस, म्हणाली, "सर, मला द्या, मी साफ करून देते." मी नको म्हटलं. तिला यातला एक शब्द कळला नसता, पण तरी नको वाटलं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलो. तळघरातली ती लांबट खोली तुला आठवत असेल. लहानपणी थरथरत्या टेबलावर तू वाटाणे नाचवायचीस. यंत्र थरथरलं की ती थरथर शोधायची आणि जिरवायची, हा माझा धंदा. पूल असो, पंखा असो, कापड विणायचं यंत्र असो, सगळ्यांचं दुखणं तेच आणि औषधही तेच. आईच्या आवाजाशेजारी प्राणवायूच्या यंत्राची घरघर आहे. अशा घरघरीला स्वतःचा एक ठरलेला सूर असतो. तो हुडकायचा आणि तेवढाच कापून काढायचा. पण आईचा आवाज इतका खाली गेला होता की त्या घरघरीला चिकटूनच बसला होता. एक कापायला गेलो की दुसराही कापला जायचा. दुपारपर्यंत एवढंच जमलं, सुरुवातीचे तीन शब्द स्वच्छ आले.

"आली का मेली?"

कानाला लावायचं काढून ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकून रडलो. रखवालदार दार ढकलून बघून गेला. वीज गेली का विचारत होता.

ठकू, मेली म्हणजे मेलेली, हे व्याकरणाने खरं आहे. यंत्राचं व्याकरण पक्कं आहे आणि तरी ते साफ चुकलंय. आपल्यात आया लेकीला मेली म्हणतात. दूध सांडलं की मेली. परीक्षेत पहिली आली की, बघा मेलीने कसं करून दाखवलं. उशीर झाला, आईचा जीव खाली-वर झाला, आणि पोर दारात दिसली, की आईच्या तोंडून सगळ्यात आधी तोच शब्द सुटतो. परक्या पोरीला असं कोणी म्हणत नाही. जिला काही झालं तर आपण जगणार नाही, तिलाच म्हणतात. ताई, मी बरोबर सांगतोय ना? तुम्ही मुलग्यांना मेल्या म्हणत असालच. माझं ऐकणार नाही ती, तुमच्या तोंडून सांगा.

तू विमानाने आलीस, तशीच दवाखान्यात आलीस, आणि आई दिवसभर दाराकडे डोळे लावून होती. "आली का मेली?" याचा अर्थ एवढाच.

मग तुला वाटेल, हा शब्द मी आधी कधी ऐकला कसा नाही. ऐकलास. शाळेत जायच्या आधी ऐकलास, आणि हाक मारल्यासारखी धावत यायचीस. पुढे शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की मुलगी मागे पडते आहे, घरात इथलीच भाषा बोला. मला ते पटलं. मला भाषा येत होती, तुला येऊ लागली, आईला आली नाही. ती रोपवाटिकेत कामाला होती, तिथे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नसे. रोपांना पाणी कळतं, म्हणायची. वर्षभरात तू आईशी बोलायची बंद झालीस आणि माझ्याकडे तोंड करून बोलायला लागलीस. मग जेवणाच्या टेबलावर मी मधल्या खुर्चीत आलो, तो तू घर सोडेपर्यंत.

मी काय काय केलं ते ऐक. तू गुडघा फोडून घेतलास, आई म्हणाली, "मेलीला डोळे दिलेत ते कशाला?" मी तुला सांगितलं, "आई विचारते, फार दुखतंय का?" तू सोळाची असताना ओरडलीस, "तिला सांगा, माझ्या आयुष्यात नाक खुपसू नकोस." मी आईला सांगितलं, "आज शाळेत फार अभ्यास होता म्हणते." आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्याने सांगत होती अभ्यास?"

मला वाटायचं, मी घर शांत ठेवतोय. शेजारी म्हणायचे, तुमच्या घरातून कधी आवाज येत नाही.

पुढचे शब्द अजून निघायचे आहेत. धीर धर.

बाबा


३ एप्रिल

प्रिय ठकू,

तुझा निरोप ताईंनी लिहून पाठवला. 'मेली' हा शब्द तू त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलास, आणि नंतर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलीस, असं त्या लिहितात. पुढचं कधी पाठवणार, असंही तू विचारलंस.

त्याबद्दल लिहायचं म्हणजे, पुढचं काही नीट निघत नाही. आवाज फारच खराब आहे. फोन बहुतेक तुझ्या कोटाच्या खिशात होता, कापडाची घसट आहे, शिवाय ते यंत्र. आमच्या प्रयोगशाळेतली साधनं जुनी झाली आहेत. मुख्य शब्द होता तो मिळाला, तुझा गैरसमज दूर झाला, आता ते तिथेच राहू द्यावं असं मला वाटतं.

बाकी इथे ठीक. जूनअखेर मी निवृत्त होतोय, खोली रिकामी करायची आहे. पुस्तकं कोणालाच नको आहेत. नवा येणारा तरुण मोठा हुशार आहे, त्याला एकही कपाट लागत नाही, सगळं त्याच्या पिशवीत मावतं. माझी इतक्या वर्षांची टिपणं बघून तो म्हणाला, "हे सगळं तुम्ही हाताने लिहिलंत?" जणू मी विहीर नखांनी खणली. विद्यार्थिनीचा प्रबंध जवळजवळ झाला. निष्कर्षाचं प्रकरण ती पुन्हापुन्हा पुढे ढकलते आहे. मी तिला रागावलो की शेवट माहीत असून लिहीत नाही म्हणजे काय.

आईची झाडं मी खिडकीत आणून ठेवली आहेत. दोन गेली. तिसऱ्याला नवं पान फुटतंय. त्याचं नाव मला माहीत नाही, तिला विचारायचं राहून गेलं.

तब्येत सांभाळ. ताईंना नमस्कार सांग. म्हणजे, ताई, नमस्कार.

बाबा


१४ एप्रिल

ठकू,

तुझं उत्तर आलं. ताईंनी तुझं वाक्य जसंच्या तसं, इथल्या भाषेतच लिहिलंय, खाली मराठी केलं नाही. "तुम्ही पुन्हा जिरवताय." त्यांनी स्वतःची एक ओळ घातली आहे, की तू रोज कामावरून येताना दुकानात डोकावतेस आणि त्यांच्या टपालाच्या खोक्याकडे बघतेस.

मी गेल्या पत्रात खोटं लिहिलं. सगळे शब्द निघाले आहेत. मागचं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीच निघाले होते. इतके स्वच्छ निघाले की वाटावं ती टेबलापलीकडेच बसली आहे.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगितल्यावर तू माझ्याशी कधी बोलशील की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरतं पणाला एवढंच लागलेलं आहे. म्हणून हात आखडला. आई गेली, आता तूही गेलीस तर या घरात माझी भाषा कळणारं आणि माझी भाषा न कळणारं, दोन्हीपैकी कोणी उरत नाही.

मागच्या वर्षी विद्यापीठाने आम्हा सगळ्यांचे कान तपासून घेतले. यंत्रांच्या गोंगाटात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचं जे होतं ते माझं झालेलं आहे. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. माणूस बोलतं तेव्हा शब्दांच्या कडा गळून पडतात आणि मधला गर तेवढा पोचतो. मी हे आईला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. वर्गात निभावून नेतो. विद्यार्थ्याचा अर्धा प्रश्न ऐकू आला की उरलेला ओळखतो. बहुतेक वेळा बरोबर येतो. प्रयोगशाळेत बारीक आवाज वाढवून घेता येतो, उशाशी बसून येत नाही.

त्या संध्याकाळी मला फक्त 'उभी राहतेस' एवढं ऐकू आलं.

बाकीचं मी भरलं. दमली असशील, घरी जा, झोप. हे आई बोलली नाही. ते माझं होतं. मला वाटलं, आजारी बाई लेकीला दुसरं काय म्हणणार? वीस वर्षं तिचं बोलणं मी माझ्या मापाने बेतून तुला देत आलो, तेव्हा ऐकू येत होतं तरी. त्या दिवशी ऐकू आलं नाही, आणि मला फरकसुद्धा जाणवला नाही. यंत्राने निदान ऐकलेले तीन शब्द दिले, पदरचं एकही घातलं नाही.

म्हणजे तुला आईने जा म्हटलंच नाही. तुला मी पाठवलं. तू मला विचारलं होतंस, "नक्की? मी थांबते ना." आणि मी म्हटलं, "तिची तशी इच्छा आहे." आई तेव्हा माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, तिला पाणी हवंय. मी पाणी दिलं. तिने मान फिरवली. तू दार लोटून गेलीस, आणि ती दाराकडे बघत राहिली, आणि मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं. तू जाईपर्यंतचं सगळं त्या आवाजात आहे, ठकू. भांड्याचा आवाज आहे. तुझी पावलं आहेत. तुझा फोन तोवर चालू होता.

तू पहाटेच्या वेळी तिथे नव्हतीस याबद्दल स्वतःला जे काही बोलली असशील, ते सगळं आता माझ्या नावावर कर. तू तिला सोडून गेली नाहीस. हे मी इथल्या भाषेत माझ्या तोंडाने शंभरदा सांगितलं तरी तू म्हणशील, बाबा मला बरं वाटावं म्हणून बोलतात. म्हणून ताईंच्या तोंडून ऐक.

मी माफी मागत नाही. लाज वाटते, आणि तू नसलीस की घर खायला उठतं, एवढं लिहितो.

ताई, आता तुमचं काम. खाली तिचे शब्द आहेत, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. अर्थ आधी सांगू नका. आधी म्हणा. आजारी माणसाचा आवाज काढू नका, हळुवार तर मुळीच म्हणू नका. बरी असताना ती जशी म्हणाली असती तसं म्हणा, चढ्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, तिच्या डोळ्यांत बघून. दुकानात गिऱ्हाईक असेल तर असू द्या. मग अर्थ सांगा. त्यातल्या 'ह्यांना' म्हणजे मला, हेही सांगा. ठकू उलट बोलली, ओरडली, इथल्या भाषेत वाटेल ते बोलली, तर तिला अडवू नका. आणि ती काय बोलली ते मला कळवू नका. ते माझ्यासाठी नाही.

"आली का मेली? अशी लांब काय उभी राहतेस गं? इकडे ये. ह्यांना जाऊ दे बाहेर. तू भांड माझ्याशी. एकदा तरी, माझ्याकडे बघून, भांड."